कंपनीत जाणे

मराठीत ‘कंपनी’ हा शब्द व्यापाऱ्याच्या पेढीहून अगदी निराळ्या अर्थानेही रूढ होता, हे आजच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी ‘अमक्याचा मुलगा कंपनीत गेला’ असे कोणी म्हटले, म्हणजे तो नाटक मंडळीत गेला असे ऐकणारा समजून चाले. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० साली निघाली, गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली; किर्लोस्कर मंडळीच्याच सुमारास विष्णुपंत छत्रे यांनी सर्कस काढली होती, आणि पुढे कोल्हापुरास चित्रपटांच्या कंपन्या आल्या. या प्रत्येकीच्या मागे घरदार व शाळा सोडून मुले गेली. कित्येकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. त्या मुलांपैकी काहींची नावे आज सर्वतोमुखी आहेत; पुष्कळांची कोणासही ठाऊक नाहीत.

अलीकडे आमच्या श्रीवर्धनासारख्या किनाऱ्यावरच्या गावीही ‘कंपनीत जाणार’ हे शब्द पुन्हा कानी पडू लागले आहेत. मात्र ही कंपनी अमेरिकेतील आहे. तिचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूई’, आणि तिचा धंदा कुस्तीचे खेळ करून दाखविण्याचा. १९९० नंतर केबलच्या तारेवरून तिचे खेळ आपल्या घरांत शिरले. त्या मल्लांची उंची, वजन व छातीचे माप छापलेल्या पत्त्यांच्या जोडासाठी आमच्या पिढीतील मुलांनी खाऊचे पैसे खर्च केले आहेत. आता ते खेळ हातातील फोनवर दिसतात. ही आवड केवळ पाहण्यापुरतीच राहिली असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे आम्हांस प्रयोजन नव्हते. परंतु काही मुले, व एखाददुसरी मुलगीही, त्या कंपनीत काम मिळवावे असे मनापासून इच्छितात. त्यांच्याविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

अशी इच्छा कोणी बोलून दाखविली, की वडीलधारी मंडळी दोहोंपैकी एक गोष्ट करितात. एक तर हसतात, नाही तर ‘ते सगळे खोटे असते’ असे सांगून विषय संपवितात. आमच्या मते या दोन्ही उत्तरांनी मुलाचे काडीइतकेही हित होत नाही. हसल्याने इच्छा मरत नाही, ती लपते. आणि ‘खोटे’ म्हणावे, तर ती गोष्ट मुलास आपल्याहून अधिक चांगली ठाऊक असते. १९८९ साली त्या कंपनीच्या चालकांनी स्वतःच न्यू जर्सी संस्थानाच्या विधिमंडळापुढे आपला खेळ ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे, असे मान्य केले. हारजीत आधी ठरलेली असते. पण नाटकात दुःशासन खरोखर मरत नाही, म्हणून नाटकास कोणी लबाडी म्हणत नाही. शिवाय हारजीत ठरलेली असली, तरी हाडे कोणाशी करार करीत नाहीत. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट नावाचा मल्ल छतावरून दोराने खाली उतरण्याचा देखावा करीत असता पडला, आणि प्राणास मुकला. त्या रिंगणात तळाशी लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर पातळ गादी व ताडपत्री असते. नवख्यास तेथे पहिला पाठ मिळतो तो पडण्याचा. हनुवटी छातीशी घेऊन, धक्का सबंध पाठीवर वाटला जाईल अशा रीतीने. तो पाठ न घेता मित्राला ओट्यावरून खाली आपटणारे आमचे विद्यार्थी कुस्तीही करीत नाहीत आणि नाटकही करीत नाहीत. ते केवळ मान मोडून घेण्याचा मार्ग शोधीत असतात.

तेव्हा मुलास आपण एकच प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. ‘कंपनीत जाणार, ठीक, पण कोणते काम करणार?’

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी आपल्या देशातून त्या कंपनीत जे खरोखर गेले, त्यांच्याकडे पाहावे. हिमाचल प्रदेशातील दलीपसिंग राणा, ज्यांस जग ‘खली’ म्हणून ओळखते, ते आधी पंजाबच्या पोलीस दलात होते. २००७ साली ते त्या कंपनीचे जगज्जेते ठरले, आणि पुढे मायदेशी येऊन त्यांनी जालंधर येथे कुस्तीची शाळा काढली. हरियाणाची कविता देवी याच शाळेत शिकली. परंतु त्यापूर्वीच ती वजन उचलण्याच्या खेळात नावाजलेली होती, व २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत तिने सुवर्णपदक मिळविले होते. २०१७ साली सलवार-कमीज नेसून ती अमेरिकेच्या रिंगणात उतरली, आणि त्याच वर्षी कंपनीने तिच्याशी करार केला. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग मूळचा भालाफेकीतील खेळाडू. २००८ साली चेंडू वेगाने फेकण्याच्या एका स्पर्धेत तो पहिला आला, अमेरिकेत बेसबॉल खेळला, आणि दहा वर्षांनी कुस्तीच्या कंपनीत गेला.

चौथे उदाहरण आमच्या महाराष्ट्राशी संबंध असलेले आहे. २०११ च्या डिसेंबरात पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘रिंग का किंग’ या नावाने अशाच कुस्तीच्या खेळांचे चित्रीकरण झाले, आणि २०१२ च्या आरंभी ते दूरदर्शन संचावर सबंध देशाने पाहिले. दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने हिंदी मल्ल घेऊन केलेला तो प्रयोग होता, व तो एका पर्वातच आटोपला. त्यात सौरव गुर्जर नावाचा एक तरुण होता. खेळ बंद पडला म्हणून तो स्वस्थ बसला नाही. २०१३ साली सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत त्याने भीमाचे काम केले, आणि २०१८ च्या जानेवारीत त्यास व रिंकू सिंगास डब्ल्यूडब्ल्यूईने एकदमच घेतले.

या चौघांत एक गोष्ट समान आहे. कंपनीचे खेळ आवडीने पाहणारा म्हणून त्यांपैकी कोणासही बोलावणे आले नाही. एकाजवळ असामान्य देह होता, एकीजवळ वजन उचलण्याची विद्या, एकाजवळ भाल्याने कमावलेला खांदा, एकाजवळ रंगभूमीस शोभेल असा आवाज व डौल. मार्च २०१९ मध्ये याच कंपनीने मुंबईस निवडीची चाचणी घेतली, तेव्हाही अर्ज करणारांच्या मानाने बोलावलेल्यांची संख्या अगदी अल्प होती. सर्व मल्लांची नावे व त्यांच्या लढतींच्या तारखा मुखोद्गत असणे ही स्मरणशक्तीची चांगली कसरत आहे. पण त्या ज्ञानाबद्दल कोणी पगार देत नाही.

तथापि ज्याचा देह मल्लाचा नाही, त्याने निराश व्हावे असेही नाही. एका मल्लाच्या मागे कितीतरी हात राबत असतात. कथा रचणारे लेखक, छायाचित्रक, दिव्यांची व ध्वनीची योजना करणारे, पोशाख शिवणारे, रिंगण उभारणारे सुतार व लोहार, दुखापतींची काळजी घेणारे वैद्य, हिशेबनीस, करार लिहिणारे वकील, आणि निरनिराळ्या भाषांतून खेळाचे वर्णन करणारे समालोचक. पंचासही तेथे निराळी विद्या लागते. मल्लांस निरोप पोहोचविणे व वेळ सांभाळणे हे त्याचे खरे काम होय. व्ही. शांताराम बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले, ते पडेल ते काम करणारा उमेदवार म्हणून. तेथील बहुतेक सर्व कामे हाताखालून घातल्यावर १९२९ साली सोबत्यांसह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. आमच्या वर्गात सुरेख चित्रे काढणारा, शिवणयंत्र चालविणारा किंवा नाट्यप्रवेश लिहिणारा जो मुलगा कुस्तीच्या नादात आपली ती कला विसरू पाहतो, त्यास हे उदाहरण अवश्य सांगावे.

दुसरा प्रश्न कराराचा. टाळ्यांचा आवाज दूरवर ऐकू येतो, कराराचा कागद मात्र जवळ घेऊनच वाचावा लागतो. ही कंपनी आपल्या मल्लांस नोकर मानीत नाही, स्वतंत्र ठेकेदार मानते. म्हणून नोकरदारास कायद्याने मिळणारे कित्येक आधार त्यांस आपोआप मिळत नाहीत. कविता देवीचा करार २०२१ साली संपला. सौरव गुर्जर व रिंकू सिंग यांस २०२४ च्या एप्रिलात, सव्वासहा वर्षांनी, कंपनीने मोकळे केले. यात कोणाची नाचक्की नाही. त्या धंद्याची रीतच अशी आहे. पण ज्याच्या घरी वृद्ध आईबाप आहेत, त्याने ही रीत आधी जाणून घेतली पाहिजे.

श्रीवर्धनकरांस सहा-सात वर्षे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या केल्या. त्यानंतर लावलेल्या पोफळीस फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात, आणि तोवर घर कशावर चालवावे हा प्रश्न कित्येक कुटुंबांपुढे उभा राहिला. अशा घरातील मुलगा जेव्हा दूरच्या कंपनीचे स्वप्न पाहतो, तेव्हा त्यात केवळ खुळेपणा असतो असे आम्हांस वाटत नाही. घरचे पाश तोडून नव्हे, तर घरचा भार उचलावा म्हणूनही तो तसे पाहत असेल. याच गावचा बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धन सोडून घाटावर गेला आणि १७१३ साली पेशवा झाला. पण त्यास वर चढविले ते लेखणीने, जमाखर्चाने व मुलकी कारभाराच्या ज्ञानाने. गाव सोडण्यात वाईट काही नाही; रिकाम्या हातांनी सोडू नये, इतकेच.

आता शिक्षकबंधूंस व पालकांस एक विनंती. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकणारे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस तेथवर जाण्यासाठी पैसा कमी पडत होता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यावरील हा विश्वास आंधळा नव्हता. चार वर्षांपूर्वी लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले होते, आणि त्यांची मेहनत सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. मुलाने आधी श्रम दाखवावे आणि मग वडिलांनी पदरमोड करण्यास कचरू नये, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. केवळ चार देखाव्यांची नक्कल करून दाखविणाऱ्या मुलापायी कोणी वाडी गहाण टाकू नये. आणि जो पहाटे उठून तालमीत घाम गाळतो, त्यास कोणी वेडाही म्हणू नये.

म्हणून ज्या विद्यार्थ्यांस कंपनीत जावयाचे आहे, त्यांनी या सुट्टीत एका कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्या: आपणांस तेथे कोणते काम करावयाचे आहे, त्या कामाची कोणती विद्या आज आपल्यापाशी आहे, आणि कंपनीने मोकळे केल्यावर तीच विद्या दुसरीकडे कोठे चालेल. पहिल्या गोष्टीपुढे ‘मल्ल’ लिहिणाऱ्याने तालमीचा रस्ता धरावा. दुसरे काही लिहिणाऱ्याने त्या विद्येचा गुरू शोधावा. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा तो कागद घेऊन त्यांनी खुशाल आमच्याकडे यावे.