घरच्या संगणकाला कुलूप कोणते लावावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या भागात घरोघरी नवा संगणक किंवा लॅपटॉप येऊ लागतो. बेळगाव असो वा निपाणी, दुकानात बिल करताना शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. कुणी विचारतो, "अँटीव्हायरस कोणता चांगला?" कुणी विचारतो, "याव्दु चलो ऐतरी?" दुकानदार मागच्या फळीवरचा एक डबा काढतो, बिलात काही शे रुपये वाढतात आणि आपण निश्चिंत होऊन घरी येतो. वर्षभराने पडद्यावर लाल खिडकी उघडू लागते, "मुदत संपली". ती रोज बंद करायची सवय होते आणि अँटीव्हायरसचा विषय तिथेच संपतो.

विषय मात्र इतका किरकोळ राहिलेला नाही. घरच्या संगणकात आज काय काय असते याचा विचार करा. मुलीचे सीईटीचे अर्ज, जातीचे-उत्पन्नाचे दाखले, शेताच्या उताऱ्याचे स्कॅन, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो, व्यापाऱ्याच्या घरी टॅलीतला वखारीचा हिशेब आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे बँकेचा व्यवहार. म्हणून कुलूप निवडण्याआधी ते कोणत्या दारासाठी आहे, हे पाहायला हवे.

थोडा इतिहास सांगतो. आयबीएम जातीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला मोठा विषाणू 'ब्रेन'. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात आपले नाव-पत्ता-फोनही घातला! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर पोहोचला. पुढे 'मायकेलँजेलो' आला. ६ मार्च हा त्याचा ठरलेला दिवस. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने जगभरच्या वर्तमानपत्रांत खळबळ उडवली होती.

या गोष्टीत आपल्या शेजारचा एक धागा आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलाश काटकर हे दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुकानात येणारे बरेचसे संगणक मोडलेले नसत, विषाणूने आजारलेले असत. धाकटे भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. गिऱ्हाइकांची गरज भागवता भागवता त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले. १९९५ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. पुण्याचेच 'नेट प्रोटेक्टर', मुंबईचे 'ई-स्कॅन' आणि चेन्नईचे 'के सेव्हन' हीसुद्धा आपल्याच देशातली नावे. दुकानदाराच्या फळीवर हे डबे दिसतात त्यामागे दुरुस्तीच्या दुकानांचे जाळे आहे. संगणक दुरुस्त करणाराच अँटीव्हायरस विकत असे आणि अडचण आली की घरी येऊन निस्तरतही असे.

अँटीव्हायरस काम कसे करतो? पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तशी त्याच्याकडे ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी असते. प्रत्येक फाइल उघडताना तो ती यादीशी ताडून पाहतो. पण फोटो नसलेला नवा चोर आला तर? त्यासाठी आजचे अँटीव्हायरस वागणूकही पाहतात. एखादी आज्ञावली मिनिटाभरात शेकडो फायली बदलू लागली, तर तिला तिथेच अडवतात. यादी रोज ताजी व्हावी लागते. म्हणूनच मुदत संपलेला अँटीव्हायरस म्हणजे गेल्या वर्षीचे फोटो घेऊन उभा असलेला पहारेकरी.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. विकत घ्यावा का?

पूर्वी याचे उत्तर सरळ 'हो' होते. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून मायक्रोसॉफ्टने 'डिफेंडर' हा अँटीव्हायरस विंडोजच्या अंगातच घालून दिला. तो फुकट असतो, त्याची मुदत संपत नाही आणि यादी आपोआप ताजी होते. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या दोन संस्था अँटीव्हायरसच्या नियमित परीक्षा घेतात. एव्ही-टेस्टच्या परीक्षेत गेली काही वर्षे डिफेंडर पैसे देऊन घ्यायच्या नामवंतांच्या पंक्तीला बसतो आहे. तेव्हा ज्या घरात संगणकाचे काम म्हणजे अभ्यास, इंटरनेट आणि थोडे टायपिंग, त्या घराला माझे उत्तर आहे : अंगचा अँटीव्हायरस पुरे. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' असे लिहा. उघडलेल्या पानावर हिरव्या खुणा दिसल्या, की पहारेकरी जागा आहे असे समजा.

विकतचा कुणी घ्यावा? ज्यांच्या संगणकावर दुकानाचा हिशेब आहे, गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह रोज लागतात, किंवा मुले काय पाहतात यावर बंधन आणि अडचणीला माणूस हवा आहे, त्यांनी घ्यावा. घेताना चार गोष्टी पाहा. एक, डब्यावरची छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत बरेच अंतर असते. दोन ठिकाणी विचारा. दोन, किती संगणकांसाठी आणि किती वर्षांसाठी आहे ते वाचा. तीन, नोंदणी आपल्याच मोबाइल क्रमांकावर आणि ई-मेलवर करून घ्या, दुकानदाराच्या नव्हे; नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी आपणच परके ठरतो. चार, एकाच संगणकावर दोन अँटीव्हायरस घालू नका. दोन सासवांच्या घरात सुनेची जी गत, तीच संगणकाची होते. डिफेंडर मात्र शहाणा आहे. दुसरा आला की तो आपणहून बाजूला सरतो आणि दुसरा काढला की पुन्हा कामाला लागतो.

बाहेरच्या फुकट अँटीव्हायरसविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. 'अॅव्हास्ट' हे नाव आपल्याकडे घराघरांत होते. लोक कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती तिची उपकंपनी विकत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी अॅव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरसच्या हाती घराच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात. तेव्हा तो कोण देतो आणि कशाच्या बदल्यात देतो, हे विचारायलाच हवे. इंटरनेटवरून 'क्रॅक' केलेला अँटीव्हायरस घालणे, म्हणजे तर चोराकडूनच कुलूप विकत घेणे.

आता ज्या दारांना हे कुलूप लागतच नाही त्यांच्याकडे वळू.

पहिले दार विंडोजचे स्वतःचे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला. फायली कुलूपबंद करून तो तीनशे डॉलर मागत होता. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांची कामे ठप्प झाली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला ते त्या भोकापुरते वाचले. हे आज सांगण्याचे कारण म्हणजे विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्याकडच्या जुन्या संगणकांवर हीच आवृत्ती असायची. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय जाहीर केली होती. तुमच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा आणि संगणक पेलत असेल तर विंडोज ११ वर जा. पेलत नसेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नका. भिंतीला भगदाड असताना दाराला महागडे कुलूप लावून उपयोग नाही.

दुसरे दार आपल्या दोन भाषांचे. आपल्या घरांत एकाच संगणकावर मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावे लागते. मुलाच्या शाळेचा अर्ज कन्नडमध्ये, मंडळाची पत्रिका मराठीत. मग कुणी 'नुडी' शोधतो, कुणी मराठी फाँट शोधतो, आणि समोर येईल त्या संकेतस्थळावरून काहीतरी उतरवून घेतो. त्या गाठोड्यात फाँटबरोबर आणखी काय येते, ते कळत नाही. खरे तर त्याची गरजच उरलेली नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचे उच्चारानुसार टाइप करायचे कीबोर्ड मिळतात. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही भाषा जोडा; बाहेरून काही आणायला नको.

तिसरे दार पेन ड्राइव्हचे. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला आणि उघडून पाहिला तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट, हा अनुभव कॉलेजच्या मुलांना नवा नाही. घाबरून फॉरमॅट करू नका. आधी अँटीव्हायरसने तपासणी करा आणि मग लपलेल्या फायली दाखवण्याची खूण चालू करा. मूळ फोल्डर बहुधा तिथेच लपवलेला असतो. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सवाल्याकडे न्यायचा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा आणि त्यात त्या कामापुरतीच फाइल असावी.

चौथे दार सगळ्यात मोठे आणि त्याला कुलूपच नाही. मार्च २०२५ मध्ये आपल्याच खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याला अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यांनी फोनवरून 'डिजिटल अटके'ची भीती घातली, लाखो रुपये उकळले, आणि त्या धसक्यात दोघांनी जीवन संपवले. या प्रकारात विषाणू लागतच नाही. माणसाला घाबरवले, की माणूसच आपल्या हाताने दार उघडतो. भारतीय कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूदच नाही. "तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, या क्रमांकावर फोन करा" अशी पडद्यावर उघडणारी खिडकीही त्याच जातीची. खरा अँटीव्हायरस धोका दिसला की फाइल अडवतो. असा भोंगा वाजवून अनोळखी क्रमांकावर फोन करायला लावत नाही. ती खिडकी दिसली तर फोन न करता ब्राउझर बंद करावा. व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' म्हणून एपीके फाइल आली तर तीही उघडू नये. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते.

इथे आपल्या घरांपुरती एक खास अडचण आहे. इशारे येतात इंग्रजीत. घरात आजोबा मराठी वाचतात, आजी कन्नड वाचते आणि इंग्रजी वाचणारी नातवंडे पुण्याला नाहीतर बेंगळुरूला! विंडोज मराठीत किंवा कन्नडमध्ये करता येते, पण लॅपटॉपवर अनेकदा 'सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते. तिच्यात दोन भाषा आलटून-पालटून वापरता येत नाहीत. यावर साधा उपाय म्हणजे संगणकाजवळ दोन्ही लिपींत एक चिठ्ठी चिकटवा. "ओटीपी कुणालाही सांगू नका" आणि त्याखाली कन्नड लिपीत "ओटीपी यारिगू हेळबेड्री". त्याखाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक ठळक लिहा. पैसे गेल्याचे लक्षात येताच पहिल्या तासात तिथे फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यातच अडवली जाण्याची शक्यता असते. रागावतील म्हणून घरातले वडीलधारे अशी गोष्ट लपवतात. "काही झाले तरी आधी आम्हाला सांगा, कुणी रागावणार नाही," हे त्यांना आजच सांगून ठेवावे.

राहिला प्रश्न वाचलेल्या पैशांचा. अँटीव्हायरसचे नूतनीकरण टळले तर ते पैसे बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कसाठी बाजूला ठेवा. खंडणीखोर विषाणूने फायली कुलूपबंद केल्या, तर त्या सोडवण्याची हमी कोणताही अँटीव्हायरस देत नाही. वेगळी ठेवलेली प्रतच त्या वेळी कामी येते. मात्र डिस्क कायम जोडून ठेवू नका. जोडलेली असेल तर विषाणू तिच्यावरच्या फायलीही सोडत नाही. महिन्यातून एकदा जोडावी, प्रत घ्यावी, काढावी आणि कपाटात ठेवावी.

या रविवारी अर्धा तास काढा. विंडोजची आवृत्ती आणि अपडेट पाहा, हिरवी खूण आहे का ते बघा, मुदत संपून पडलेला जुना अँटीव्हायरस रीतसर काढून टाका, आणि दाखले व फोटो यांची एक प्रत डिस्कवर घ्या. चिठ्ठी लिहायचे काम आजी-आजोबांकडेच द्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेले त्यांच्या लक्षात राहील.