राणीचे नाव आणि अनामिकेचा चेहरा

ऑगस्ट २००९ मध्ये भोपाळ येथील एका प्रदर्शनात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईचे 'एकमेव खरे छायाचित्र' म्हणून एक जुना फोटो मांडण्यात आला. हॉफमन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने तो १८५० साली टिपला, असे सांगण्यात आले. भांडवली वृत्तपत्रांनी फारशी शहानिशा न करता तो छापला आणि पुढील काही वर्षांत तो देशभर हातोहाती पसरला. अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या, भाविकांनी त्या झिडकारल्या. फोटो राणीचा आहे की नाही, एवढ्यावरच वाद रंगला. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूला राहिला. फोटोतील ही स्त्री राणी नसेल, तर ती कोण आहे? कोणाच्या स्टुडिओत ती बसली, बसण्याचा मोबदला तिला काय मिळाला, आणि तिचे नाव कोणी पुसले?

कोणा इतिहासवेड्याचे कुतूहल म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी व्यक्ती ही श्रम करणारी व्यक्ती आहे की नुसती वस्तू, हा त्यातील खरा मुद्दा आहे. आणि तो आजही, भाड्याच्या स्टुडिओत तासावर काम करणाऱ्या हजारो तरुण-तरुणींच्या संदर्भात, तितकाच जिवंत आहे.

दावा आणि पुरावा

प्रथम दाव्याचा समाचार घेतला पाहिजे. १८५० मध्ये हिंदुस्थानात कॅमेरा नव्हताच, असे म्हणता येणार नाही. दागेरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि लवकरच ती येथे पोहोचली. परंतु काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत, जिच्यामुळे एका काचेवरून अनेक स्पष्ट प्रती काढणे सुलभ झाले, ती १८५१ ची. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील आघाडीचे एतद्देशीय छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला तो १८५५ मध्ये. म्हणजे मुंबईसारख्या बंदरातसुद्धा ही कला त्या दशकात बाल्यावस्थेत होती. हॉफमन हे नाव मिरवणारी कलकत्त्यातील प्रसिद्ध कंपनी, जॉन्स्टन अँड हॉफमन, १८८० च्या सुमारास सुरू झाली. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली होती.

दुसरा पुरावा प्रत्यक्ष भेटीचा आहे. कंपनी सरकारने झाशी खालसा केल्यानंतर, १८५४ मध्ये, राणीने जॉन लँग या वकिलास सल्ल्यासाठी बोलाविले. लँगने आपल्या प्रवासवर्णनात ही भेट नोंदविली आहे. राणी पडद्याआडून बोलत होती. लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला, तेव्हा लँगला तिचे क्षणभर दर्शन घडले. अंगावर पांढरी तलम मलमल आणि कानातील सोन्याच्या कर्णभूषणांखेरीज एकही दागिना नाही, असे तो सांगतो. आपल्याच वकिलाशी पडद्याआडून बोलणारी ही स्त्री त्याआधी चार वर्षे परक्या छायाचित्रकारासमोर सजूनधजून बसली होती, असे ज्यांना म्हणावयाचे आहे त्यांनी पुरावा द्यावयास हवा. तो आजवर समोर आलेला नाही.

तरीही हा दावा टिकून राहतो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. लढलेली राणी पचविणे राज्यकर्त्या वर्गाला नेहमीच जड गेले आहे. बसलेली, नटलेली, चौकटीत मावणारी राणी त्याला सोयीची वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने झाशीत राष्ट्ररक्षेच्या नावाने थाटामाटाचा सोहळा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस झाशीच्या रेल्वे स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाईचे नाव देण्याचा निर्णय झाला. नाव देण्याला कोणाची हरकत असणार? पण ज्या बुंदेलखंडातून रोजगारासाठी दरवर्षी माणसांचे लोंढे याच स्थानकातून बाहेर पडतात, त्या बुंदेलखंडाच्या पाण्याचा आणि कामाचा प्रश्न पाटी बदलल्याने सुटत नाही.

वरच्या मजल्यावरील काचेचा कारखाना

एकोणिसाव्या शतकातील फोटो स्टुडिओ म्हणजे काय होते, हे पाहिल्याशिवाय त्या अनामिक स्त्रीची जागा कळणार नाही. विजेचे दिवे नव्हते. सारे काम सूर्यप्रकाशावर चाले. म्हणून छायाचित्रकार इमारतीचा सर्वांत वरचा मजला घेई आणि त्याचे छप्पर व एक भिंत काचेची करून घेई. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची आणि लाकडी खांब. बसणाऱ्याने काही सेकंद निश्चल राहावे म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. उन्हाने तापलेल्या काचेखाली, चिमट्यात मान देऊन, पापणी न हलविता बसणे हे काम होते, आणि ते करणाऱ्याचे अंग त्यात झिजत होते.

या कामाची दोन गिऱ्हाइके होती. संस्थानिक आणि श्रीमंत स्वतःचे पैसे मोजून स्वतःच्या नावाने फोटो काढून घेत. गरिबांचे फोटो दुसऱ्यांसाठी काढले जात. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध केला. साडेचारशेहून अधिक छायाचित्रांतून येथील जनतेची जातवार, जमातवार वर्गवारी करण्यात आली. राजेरजवाड्यांना तेथे नाव मिळाले. कष्टकऱ्याच्या वाट्याला बहुधा फक्त जातीची चिठ्ठी आली. पुढे चित्र-पोस्टकार्डांचा धंदा बहरला आणि 'नाचणारी', 'देशी सुंदरी' अशा मथळ्यांखाली स्त्रियांचे चेहरे विलायतेपर्यंत विकले गेले. कारखान्याच्या मालावर विणकराचे नाव नसते, तसे या मालावर त्या स्त्रियांचे नाव नव्हते.

कॅमेरा निष्पक्ष साक्षीदार असतो, हा भ्रमही त्याच काळात फुटला होता. झाशी पडली त्याच १८५८ च्या वसंतात फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार लखनौमध्ये होता. सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रज फौजेने सुमारे दोन हजार शिपायांची कत्तल केली होती. काही महिन्यांनंतर बेआतोने त्या जागेचे चित्र घेतले. आणि चित्र परिणामकारक व्हावे म्हणून मृतांची हाडे अंगणात मांडण्यात आली, असे समकालीन साक्षीवरून अभ्यासक मानतात. साम्राज्यशाहीने हिंदी शिपायाला मेल्यानंतरही मॉडेल म्हणून उभे केले. त्याला नकार देण्याची सोय नव्हती.

झाशीत राणीच्या जागी कोण उभे राहिले

या मांडणीपुढे झाशीचा खरा इतिहास ठेवून पाहावा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे द्रव्यार्जनासाठी उत्तरेस गेलेले गरीब भिक्षुक वेढ्याच्या दिवसांत झाशीत अडकले होते. १९०७ मध्ये छापून निघालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात राणी आहे. पण तिच्याबरोबर सारे शहर आहे. तोफांचा मारा, पाण्याची टंचाई, शहर पडल्यानंतरची कत्तल, आणि सोन्यानाण्यापासून भांडीकुंडी व धान्यापर्यंत टप्प्याटप्प्याने झालेली लूट त्यांनी लिहून ठेवली. तटाच्या डागडुजीत आणि दारूगोळा वाहण्यात झाशीच्या स्त्रिया राबत होत्या, हे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदविले आहे. तोफखान्यावरील गुलाम गौस खान, त्याच्यासह खुदाबक्ष आणि मोतीबाई यांची स्मारके किल्ल्यात आहेत. हिंदू आणि मुसलमान एकाच तटावर एकत्र मेले, ही गोष्ट आजच्या धर्मांध प्रचारकांना अडचणीची वाटते, म्हणून त्यांच्या फलकांवर राणी एकटीच असते.

आणि झलकारीबाई. कोरी या विणकर जातीत जन्मलेल्या या स्त्रीने राणीचा वेष धारण करून शत्रूला चकविले, ही परंपरा बुंदेलखंडाच्या लोकस्मृतीने जपली. दरबारी इतिहासाने तिची उपेक्षा केली. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत तिला स्थान मिळाले, दलित चळवळीने तिला आपले मानले आणि २००१ मध्ये तिचे टपाल तिकीट निघाले.

येथे एक विरोध ठळक होतो. सामान्य घरातील एक स्त्री राणीच्या जागी उभी राहिली ती शहरासाठी, स्वतःच्या निर्णयाने. जनतेने तिचे नाव विसरू दिले नाही. दुसऱ्या एका स्त्रीला मृत्यूनंतर राणीच्या जागी बसविण्यात आले ते एका चित्राचे मोल वाढविण्यासाठी. आणि त्याची किंमत म्हणून तिचे स्वतःचे नाव कायमचे गेले.

आजचा भाड्याचा स्टुडिओ

दीडशे वर्षांत छप्पर बदलले, संबंध बदलले नाहीत. मुंबईत बंद गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींपासून झाशीसारख्या शहराच्या बाजारपेठेपर्यंत, वरचा मजला तासाच्या दराने भाड्याने घ्यावा, पांढरा पडदा लावावा, दिवे रोखावेत आणि एका मुलीला सात-आठ तास उभे करावे, हा धंदा सर्वत्र चालतो. जागेच्या मालकाला भाडे आगाऊ मिळते. दिवे व कॅमेरे पुरविणाऱ्याला रोख मिळते. मॉडेलला मात्र पुष्कळदा सांगितले जाते की, तुझे फोटो हाच तुझा मोबदला. कापड दुकानदाराने मजुराला पगाराऐवजी स्वतःच्याच दुकानाची जाहिरात द्यावी, तसा हा व्यवहार आहे.

कायदाही मालकाच्याच बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकार असतो, किंवा पैसे देऊन ते काढून घेणारा असतो. हा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. जिचा चेहरा आहे तिचा त्या मालकीत वाटा नाही. तिच्यापुढे इंग्रजीतील एक संमतिपत्र येते आणि एका सहीने ती सर्व वापराला, सर्व काळासाठी मोकळीक देऊन बसते. २९ कामगार कायदे मोडून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आल्या. पण मालक-कामगार संबंधाच्या बाहेर ठेवलेल्या, कामागणिक राबणाऱ्या माणसाला त्यातून किमान वेतनाचा हक्क मिळत नाही.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर दोन भूमिका नेहमी मांडल्या जातात. दोन्ही त्याज्य आहेत.

पहिली भूमिका संस्कृतिरक्षकांची. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीसाठी मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांचे नग्न छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा मुंबईत अश्लीलतेचा खटला गुदरण्यात आला. निर्दोष सुटका झाली ती २००९ मध्ये, चौदा वर्षांनंतर. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी परीक्षकांनी निवडलेला रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट केंद्रीय मंत्रालयाने वगळला. त्याचा विषय काय होता? चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे मॉडेल म्हणून बसून मुलाला शिकविणारी एक गरीब बाई. तिचे शरीर दिसते याची लाज ज्यांना वाटली, त्यांना तिच्या दारिद्र्याची लाज कधी वाटली नाही. स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा १९८६ चा कायदा आवश्यक होता. परंतु त्या कायद्यात चित्रणाचा विचार आहे, चित्रण जिचे होते तिच्या मजुरीचा नाही.

दुसरी भूमिका चळवळीतील काही प्रामाणिक कार्यकर्त्यांची आहे. मॉडेलिंग म्हणजे भांडवली चंगळवादाचा देखावा. त्याच्याशी कामगार चळवळीचा संबंध काय, असे ते विचारतात. मार्क्सने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. स्वतःहून गाणारी गायिका आणि एखाद्या व्यावसायिकाने नफ्यासाठी कामाला ठेवलेली तीच गायिका, यांत त्याने फरक केला. गाणे तेच असते, पण दुसऱ्या ठिकाणी ती भांडवल निर्माण करणारी कामगार असते. मालाच्या दर्जावरून किंवा उपयोगावरून श्रमाचे स्वरूप ठरत नाही. ते संबंधांवरून ठरते. दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगाराला युद्धखोर म्हणून कोणी संघटनेबाहेर ठेवीत नाही. मग जाहिरातीसाठी उभ्या राहणाऱ्या मुलीला चंगळवादी म्हणून का ठेवावे?

चेहऱ्यावरील हक्काची लढाई

दिरंगाईला आता वाव नाही. २०२५ मध्ये एच अँड एम या बहुराष्ट्रीय कापड कंपनीने तीस मॉडेलांच्या संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचे जाहीर केले. प्रतिकृतीला थकवा येत नाही, तिला जेवणाची सुटी लागत नाही. आणि तिच्याबरोबर रंगभूषाकार, केशभूषाकार व दिवे सांभाळणाऱ्यांचीही मजुरी वाचते. त्याच वर्षाच्या जूनपासून न्यूयॉर्क राज्यात एक कायदा अमलात आला. मॉडेलची प्रतिकृती वापरण्यापूर्वी तिची स्वतंत्र व स्पष्ट लेखी संमती घेणे त्याने बंधनकारक केले. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातसुद्धा हे मॉडेलांनी संघटित होऊन मिळविले, कोणी दान म्हणून दिलेले नाही. भारतातील मॉडेलला असे कोणतेही खास संरक्षण नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असावयास हव्यात. मॉडेल आणि स्टुडिओतील सर्व साहाय्यकांना कामगार म्हणून मान्यता; तासाचा किमान दर; कामापूर्वी तिला समजेल अशा भाषेतील लेखी करार; चित्राचा वापर कोठे आणि किती काळ होणार याची मर्यादा; प्रतिकृतीसाठी वेगळी संमती व वेगळा मोबदला; आणि लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची भाड्याच्या स्टुडिओतही अंमलबजावणी.

झाशी हे केवळ किल्ल्याचे शहर नाही. तेथे रेल्वेचा वॅगन कारखाना आहे, भेलचा प्रकल्प आहे, कामगारांची वस्ती आहे. राणीचा खरा वारसा कोणत्या फोटोत आहे, याचा शोध घेण्यात त्या वस्तीने वेळ दवडण्याचे कारण नाही. तो वारसा तटावर दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रियांच्या हातांत होता. ज्या दिवशी वरच्या मजल्यावरील स्टुडिओत उभी असलेली मुलगी करार वाचून, दर ठरवून, स्वतःच्या नावानिशी सही करील, आणि तिच्या पाठीशी संघटना उभी असेल, त्या दिवशी तो वारसा पुढे गेला असे म्हणता येईल.