यंत्राची एक्स्पायरी डेट

आमच्या सौ.च्या उशाशी एक यंत्र असतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ च्या मे महिन्यात, सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र रांगा लावत होते, तेव्हा सांगितलेली किंमत मोजून आम्ही ते घेतलं. करोना गेला, पण हिची फुफ्फुसं पूर्ववत झाली नाहीत. रात्री दोन लिटरवर यंत्र लावूनच झोपावं लागतं. त्या घरघरीची मला इतकी सवय झाली आहे, की आवाज जरा बदलला तरी जाग येते.

गेल्या श्रावणात अशीच जाग आली. यंत्रावर पिवळा दिवा लागला होता. म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण कमी.

सकाळी उरणहून एक मुलगा आला. यंत्र उघडून म्हणाला, "काका, व्हॉल्व्ह गेलाय. बाकी मशीन ठणठणीत आहे." त्यानेच समजावलं. आत झिओलाइट भरलेली दोन नळकांडी असतात. हवेतला नायट्रोजन ती धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. एक भरलं की हवा दुसऱ्यात वळवायची, हे काम त्या व्हॉल्व्हचं. मुठीत मावेल एवढी वस्तू!

कंपनीला फोन केला. "सर, ते मॉडेल बंद झालं. पार्ट येत नाही. नवीन घ्या ना." बाई फार गोड बोलल्या. पेन्शनीतला माणूस दर चार-पाच वर्षांनी श्वास नव्याने विकत घेईल, असं त्यांना वाटत असावं.

मग माझी भटकंती सुरू झाली. द्रोणागिरीहून लोकल, नेरूळला गाडी बदलून सीएसएमटी, तिथून प्रिन्सेस स्ट्रीटवरची सर्जिकलची दुकानं, मग लॅमिंग्टन रोड. एकाने दुसऱ्याच यंत्राचा व्हॉल्व्ह दाखवला, एकाने "भंगारातलं मशीन मिळालं तर बघतो" म्हटलं. अखेर तसाच भंगारातला मिळाला, गॅरंटी नाही. तोवर अठरा रात्री भाड्याच्या सिलिंडरवर काढल्या. मी घड्याळ आणि सिलिंडरचा काटा आळीपाळीने बघत बसायचो. आमच्या गच्चीवरून न्हावाशेवा बंदराच्या क्रेन दिसतात. साऱ्या जगाचा माल तिथे उतरतो, आणि मला एक व्हॉल्व्ह मिळत नव्हता.

आता माझा मुद्दा. दहा रुपयांच्या गोळ्यांच्या पाकिटावर एक्स्पायरी डेट छापलेली असते. मग हजारोंच्या यंत्राचे सुटे भाग कुठल्या सालापर्यंत मिळतील, हे का छापत नाहीत? १ एप्रिल २०२० पासून आपल्या कायद्याने वैद्यकीय उपकरणांना औषधांच्या व्याख्येत घेतलं आहे. मग औषधाइतका प्रामाणिकपणा यंत्र विकणाऱ्यानेही दाखवावा.

कंपन्या म्हणतात, भलत्याने यंत्र उघडलं तर रुग्णाच्या जिवाला धोका. वरवर पटतं. पण अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली याच विषयावर अहवाल दिला. बाहेरच्या दुरुस्तीमुळे रुग्णांना मोठ्या प्रमाणावर धोका होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणि मी विचारतो, मला भंगाराच्या दारात नेलं कोणी? अस्सल भाग मिळाला असता तर मी तिकडे फिरकलो असतो का?

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या सेकंड साइट कंपनीने साडेतीनशेहून अधिक अंधांना 'आर्गस टू' हा कृत्रिम डोळा बसवला. २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं, २०२० मध्ये कंपनीच डबघाईला आली. माणसांच्या डोळ्यांत यंत्रं तशीच राहिली, बिघडली तर विचारायचं कोणाला? आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतल्या ७,५६,७५० उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद आढळली. सगळी सुट्या भागांपायी बंद होती असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर केंद्राने २०१५ मध्ये देखभालीचा कार्यक्रम तरी आखला. घरी यंत्र ठेवणाऱ्याला कोण वाली?

जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. क्षेत्रं चार ठरली: शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती वस्तू आणि वाहनं. ट्रॅक्टर आला, मोबाइल आला. श्वासाचं यंत्र नाही आलं!

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. अभ्यासक्रम बदलला, तरी जुन्या अभ्यासक्रमाच्या नापास मुलांसाठी बोर्ड काही परीक्षा जुन्याच पेपरांवर घेतं. "तुझं पुस्तक बंद झालं, आता नव्याने पहिलीत बस" असं कोणी म्हणत नाही. माझं मागणं तेवढंच आहे. मॉडेल खुशाल बंद करा, पण शेवटचं यंत्र विकल्यापासून दहा वर्षं भाग द्या. ती तारीख यंत्रावर आणि बिलावर छापा. जमत नसेल, तर त्याचे आराखडे आणि दुरुस्तीची पुस्तिका खुली करा, म्हणजे उरणचा तो मुलगा तरी आमच्या उपयोगी पडेल.

असो. भंगारातला व्हॉल्व्ह अजून चालतो आहे. ही शांत झोपते. मी मात्र पिवळा दिवा दिसेल अशा बाजूलाच कूस करून झोपतो.