२४९ ग्रॅमचा ड्रोन नेऊ की मोठा? परदेशात उडेल, पण मुंबईत परत येईल का?

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता जाहिरात कंपन्या आणि व्हिडिओ एडिटिंगचे स्टुडिओ आहेत. तिथल्या स्क्रीनवर कुणाच्या तरी बालीतल्या लग्नाचे, स्वित्झर्लंडच्या ट्रिपचे ड्रोन शॉट्स दिवसभर फिरत असतात. मात्र त्याच ऑफिसच्या गच्चीवरून ड्रोन उडवायचा म्हटलं, तर पोलीस दारात येऊ शकतात. ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यावर बंदी घालणारे आदेश मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असतात. आधी हे आदेश कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान तणावाच्या काळातही असा आदेश होताच. शिवाय मुंबई विमानतळ लोअर परळपासून हवाई अंतराने १०-११ किलोमीटरवर आहे, म्हणजे पोलिसांचा आदेश नसला तरी उंचीची मर्यादा आहेच.

त्यामुळे मुंबईकराचा ड्रोन बहुतेक मुंबईबाहेर उडतो, आणि आता तो सुट्टीत परदेशीही जायला लागलाय. तिथेच प्रश्न येतो : बॅगेत २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन टाकायचा, की पाऊण-एक किलोचा मोठा?

सोशल मीडियावर याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘२५० ग्रॅमच्या आतला घे, कुठेच काही लागत नाही.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडू शकतं.

२५० ग्रॅमच का?

हा आकडा अमेरिकेतून आला. २०१५ मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे ‘एफएए’ने, ड्रोन नोंदणीचे नियम ठरवण्यासाठी एक गट नेमला होता. या गटाने गणित मांडलं ते असं : एखादी वस्तू ८० ज्यूल ऊर्जेने डोक्यावर आदळली, तर जीव जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के असते. छोटा ड्रोन वरून पडताना सेकंदाला साधारण २५ मीटर वेग गाठतो असं धरलं, तर ८० ज्यूल ऊर्जा साधारण २५० ग्रॅम वजनाला येते. झाली रेषा तयार. पुढे अनेक देशांनी हाच आकडा उचलला. भारताच्या ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांतही २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो आणि त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही.

कंपन्यांनी मग याच रेषेच्या एक ग्रॅम अलीकडे ड्रोन बनवायला सुरुवात केली. ‘डीजेआय’ने २०१९ मध्ये आणलेला ‘मॅविक मिनी’ २४९ ग्रॅमचा होता. जपानमध्ये तेव्हा मर्यादा २०० ग्रॅम होती, म्हणून तिथे त्याच ड्रोनची लहान बॅटरीची १९९ ग्रॅमची आवृत्ती विकली गेली. जून २०२२ मध्ये जपानने मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि १९९ ग्रॅमचा सगळा आटापिटा वाया गेला.

वजनाच्या रेषेवर विसंबायचं नाही ते यामुळेच. ती सरकते.

देश बदलला की उत्तर बदलतं

जिथे छोट्या ड्रोनचा खरोखर फायदा होतो असा देश म्हणजे कॅनडा. भारतीय पर्यटकाला तिथे २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवायचा असेल, तर सरकारची खास परवानगी आधी मागावी लागते. त्याच्या आतला असेल तर नोंदणी नाही, परीक्षाही नाही. टोरंटोला मुलाकडे निघालेल्या आई-बाबांनी मोठा ड्रोन सोबत नेण्यात काही अर्थ नाही.

अमेरिकेतही हौस म्हणून उडवत असाल तर २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला नोंदणी लागत नाही, पण एक छोटी मोफत ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. यातला ‘हौस म्हणून’ हा शब्द महत्त्वाचा. पैसे घेऊन कुणाच्या लग्नाचं शूटिंग करायला गेलात, तर वजनाची सूट गेली आणि व्यावसायिक नियम लागू झाले. चॅनलवर व्हिडिओ टाकून कमाई करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. आणि ग्रँड कॅनियन किंवा यलोस्टोनचा शॉट डोक्यात असेल तर तो काढूनच टाका. राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनबंदी आहे, मग तो कितीही हलका असो.

युरोपीय संघात वेगळाच पेच आहे. ड्रोनवर कॅमेरा असेल तर वजन २५० ग्रॅमच्या आत असूनही उडवणाऱ्याची नोंदणी लागते. कारण तिथे ड्रोन डोक्यावर पडण्याइतकीच काळजी कुणाचं तरी खासगी आयुष्य चित्रित होण्याची आहे. ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे नोंदणी केली की ती संघातल्या बाकीच्या देशांतही चालते. मग हलक्या ड्रोनचा फायदा काय? तर परीक्षा टळते आणि माणसांच्या जवळ उडवायची थोडी मोकळीक मिळते. मोठ्या ड्रोनवर युरोपचा ‘सी-वन’ शिक्का असेल तर ऑनलाइन परीक्षा देऊन तोही बऱ्यापैकी मोकळेपणाने उडवता येतो. शिक्का नसलेला जुना मोठा ड्रोन मात्र वस्तीपासून दीडशे मीटर लांब न्यावा लागतो. पॅरिस किंवा रोममध्ये अशी जागा शोधत बसलात तर सहल त्यातच संपेल.

ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून मर्यादा थेट १०० ग्रॅमवर आणली आहे. म्हणजे २४९ ग्रॅमच्या ड्रोनसाठीही ऑनलाइन चाचणी आणि नोंदणी आली.

आता मुंबईहून सर्वाधिक पर्यटक जातात त्या दिशेला बघू. थायलंडमध्ये कॅमेरा असलेला ड्रोन कितीही हलका असला तरी नोंदवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवर चकमकी उडाल्या, तेव्हा तिथे देशभर ड्रोन उडवायला बंदी आली. नोंदणी करून, कागद घेऊन पोचलेल्या पर्यटकांनाही ती लागू होती. संयुक्त अरब अमिरातीचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये अबू धाबीवर हौथी बंडखोरांनी ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला केला, त्यात दोन भारतीयांचाही जीव गेला. त्यानंतर तिथे हौशी ड्रोनवर सरसकट बंदी आली, ती पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाली. इजिप्त आणि मोरोक्कोत तर विमानतळावरच ड्रोन काढून घेतात. इजिप्तच्या २०१७ च्या कायद्यात विनापरवानगी ड्रोन बाळगल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. पिरॅमिड बघायला जाताना छोटा की मोठा हा प्रश्नच नाही, ड्रोन घरी ठेवा.

मग मोठा घ्यायचाच का?

चित्रासाठी. ‘मिनी ४ प्रो’ सेकंदाला १०.७ मीटर वाऱ्यापर्यंत तग धरतो असं कंपनी सांगते, ‘एअर ३’ आणि ‘मॅविक ३’ साठी हा आकडा १२ मीटर आहे. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण समुद्रकिनारी किंवा डोंगराच्या धारेवर झोत आला की पाव किलोचं यंत्र हेलकावे खातं आणि बॅटरी वाऱ्याशी झगडण्यातच संपते. ‘मॅविक ३’चा सेन्सरही मोठा आहे. संध्याकाळच्या कमी उजेडात, डोंगरावर मावळतीचा प्रकाश असताना तो फरक मोठ्या पडद्यावर दिसतो. मोबाइलवरच्या रीलमध्ये बहुतेकांना दिसणार नाही, हेही तितकंच खरं.

म्हणजे ज्याला चित्रीकरणाचे पैसे मिळतात, जो एकाच देशात जातो आणि महिनाभर आधी परवानग्या काढतो, त्याला मोठा ड्रोन परवडतो. बाकीच्यांसाठी छोटा पुरेसा.

छोटा घेताना एक सापळा आहे. ‘मिनी ४ प्रो’ला जास्त वेळ उडणारी ‘प्लस’ बॅटरी लावली की वजन २५० च्या पुढे जातं. पंख्यांना संरक्षक जाळी, वर लुकलुकणारा दिवा, असं काहीही चिकटवलं तरी तेच. २४९ ग्रॅमच्या ड्रोनमध्ये जागा लोकलच्या चौथ्या सीटइतकीच असते. ‘मिनी ५ प्रो’चं अधिकृत वजन तर २४९.९ ग्रॅम, अधिक-उणे ४ ग्रॅम असं दिलं आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आपला नग ठेवून बघितलेला बरा.

बॅटऱ्यांचा मुद्दा सोपा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. ‘मिनी ४ प्रो’ची बॅटरी सुमारे १९ वॉट-अवर, ‘मॅविक ३’ची ७७. दोन्ही चालतात. ड्रोन स्वतः केबिनमध्ये की चेक-इनमध्ये, हे मात्र विमान कंपनीला आधी विचारा.

आणखी एक गैरसमज : ॲपने उडू दिलं म्हणजे परवानगी आहे. ‘डीजेआय’ने युरोपात आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत ॲपमधली उड्डाण रोखणारी कुलुपं काढली. आता फक्त इशारा येतो. दंड भरायची वेळ आली तर तो तुम्हीच भरायचा.

परतीचं काय?

या सगळ्यात सर्वात कमी बोललं जातं ते घरी परतण्याबद्दल. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. पूर्ण तयार ड्रोन असो की सुट्या भागांचा जुळवायचा संच, दोन्ही बंद. सूट आहे ती संरक्षण व सुरक्षेसाठी, संशोधनासाठी आणि सरकारी व मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांसाठी, तीही परवानगी घेऊन. हौशी माणूस त्यात कुठेच बसत नाही. आणि या बंदीत २५० ग्रॅमची रेषाच नाही. छोटा आणि मोठा, दोन्ही सारखेच.

‘सिंगापूरला स्वस्त मिळतो, येताना घेऊन येऊ, फार तर ड्युटी भरू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. ड्युटी-फ्रीची मर्यादा आयातीला मुभा असलेल्या वस्तूंसाठी असते. बंदी असलेली वस्तू कस्टम्स जप्त करू शकतं. अमेरिकेतल्या मावशीने भाच्याला भेट म्हणून आणलेल्या ड्रोनलाही हेच लागू.

ज्यांच्याकडे ड्रोन आधीपासून आहे, त्यांनी जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. त्यावर वस्तूचं वर्णन आणि सिरीयल नंबर असतो. परत येताना ‘हा इथूनच नेला होता’ हे त्यावरून दाखवता येतं. अडचण अशी की मालकीचा पुरावा म्हणून बिल मागितलं जाऊ शकतं. बंदीनंतर ग्रे मार्केटमधून, बिलाशिवाय घेतलेल्या ड्रोनचं बिल कुठून आणणार? असा ड्रोन युरोपात नोंदवता येईल, उडवताही येईल, पण मुंबईच्या विमानतळावर परतताना तो कुणाचा, हे सिद्ध करायला हातात काहीच नसेल.

बिल असेल तर त्याची प्रत, ड्रोन आणि रिमोट या दोन्हींच्या सिरीयल नंबरचे फोटो आणि पासपोर्ट घेऊन कस्टम्सच्या काउंटरवर जायचं, तेही चेक-इनमध्ये बॅग देण्याआधी, कारण अधिकारी वस्तू प्रत्यक्ष बघायला मागतात. मुंबईहून बरीच परदेशी विमानं मध्यरात्री किंवा पहाटे सुटतात, त्यामुळे या कामासाठी तासभर जास्तीचा धरून निघा.