खेळावर पैसा लावू नका, खेळाच्या कामातून पैसा कमवा



दिवाळी झाली, मंडई आटोपली, धान घरात आलं की आपल्या पवनी तालुक्यात मैदानं जागी होतात. कुठे कबड्डी, कुठे टेनिस बॉल क्रिकेट, कुठे शंकरपट. आणि दरवर्षी याच दिवसांत तरुण मुलं विचारतात, "सर, टेक्नॉलॉजीमुळे स्पोर्ट्सच्या बिझनेसमध्ये खूप पैसा आलाय म्हणे. आपल्याला त्यात काही करता येईल का?"

येईल. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसा किती आहे हे नंतर बघा, तो कोणाच्या खिशातून येतो हे आधी बघा.

आधी मोठं चित्र समजून घ्या. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींच्या वर गेले. त्यात आपल्याकडचे टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना विकले गेले आणि मोबाईल-इंटरनेटचे २३,७५८ कोटींना. म्हणजे मोबाईलने टीव्हीला मागे टाकलं! २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवले, तेही मराठी समालोचनासह. लोक आता मॅच हातातल्या फोनवर बघतात. हा बदल पवनीतही झालाय, आणि आपली संधी इथेच आहे.

पण याच फोनवर दुसराही धंदा वाढला. ड्रीम११ बघा. २००८ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी थेट भारतीय संघाच्या जर्सीवर पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला. कंपनीने पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या, जर्सीवरून नाव गेलं, आणि आशिया कपमध्ये आपला संघ प्रायोजकाशिवाय खेळला. ॲपमध्ये काही बिघाड नव्हता. पण कमाईचा पाया होता लोकांनी भरलेली एन्ट्री फी. तो पाया काढला आणि सगळा डोलारा हलला. मोठ्या कंपनीकडे सावरायला भांडवल असतं. आपल्याकडे काय असतं? घरच्यांची बचत आणि गावातलं नाव.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे ॲप काढतोय, आम्ही तर साधं मॅचचं लाइव्ह करणार. बरोबर आहे. पण लाइव्हचाही कसा वापर होतो, ते ऐका. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर गावात पोलिसांनी चक्क खोटी आयपीएल पकडली. शेतात मैदान, हॅलोजनचे दिवे, कॅमेरे आणि टीमची जर्सी घातलेले शेतमजूर. यूट्यूबवर लाइव्ह चालू होतं आणि सट्टा लावणारे होते रशियात! सामान तेच, जे तुम्ही वापराल. फरक फक्त पैसा कोणाकडून घेतला याचा. म्हणून तुमच्या लाइव्हवर सट्ट्याच्या ॲपची किंवा टेलिग्राम ग्रुपची जाहिरात कोणी कितीही पैसे देऊन मागितली, तरी घेऊ नका. आपल्याच पोट्ट्यांचे पैसे त्यात जातात, आणि ते तालुक्यात परत येत नाहीत.

मग कस्टमर कोण? पहिला, स्पर्धेचा आयोजक. दुसरा, बॅनर लावणारा गावातला दुकानदार. तिसरा, शंकरपट भरवणारी समिती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदाही वैध ठरवला. पण नियम कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि शर्यतीचं चित्रीकरण करून सादर करावं लागतं. म्हणजे तुमच्या कामाची गरज नियमातच लिहिलेली आहे.

"पण सर, आयोजकाचा भाचा फुकटात लाइव्ह करतो ना!" करतो. त्यात स्कोअर दिसत नाही, आवाज येत नाही, आणि ऐन फायनलला चार्जिंग संपतं. तुम्ही विकायचा आहे तो भरवसा. क्रिकेटसाठी क्रिकहिरोजसारखं स्कोअरिंग ॲप वापरा. त्यात प्रत्येक खेळाडूच्या धावा आणि विकेट त्याच्या नावावर जमा राहतात. कबड्डीत चांगल्या चढायांच्या क्लिप कापून द्या. आजवर पोरगा चांगला खेळला तरी पुरावा म्हणून एक ढाल आणि पेपरातलं कात्रण उरायचं. आता तो आपला खेळ दुसऱ्या गावच्या कोचला दाखवू शकतो.

हिशोब साधा ठेवा. समजा, दोन दिवसांच्या स्पर्धेचे आयोजकाकडून ४,००० मिळाले आणि चार दुकानदारांकडून प्रत्येकी ५००. झाले ६,०००. मदतनिसांची मजुरी २,०००, डेटा आणि पेट्रोल ५००. हाती राहिले ३,५००. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मांडा. यूट्यूबच्या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. त्या कमाईसाठी सर्वसाधारणपणे १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. व्ह्यूज आले तर बोनस समजा, पोट आयोजकाच्या पैशावर भरायला हवं.

चार गोष्टी लक्षात ठेवा. नवीन चॅनलवर लाइव्ह सुरू व्हायला २४ तास लागू शकतात, म्हणून आदल्या दिवशी जागे होऊ नका. डीजेची गाणी लाइव्हमध्ये गेली तर कॉपीराइटमुळे प्रक्षेपण थांबू शकतं, तेव्हा माईक समालोचकाजवळ ठेवा. गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, म्हणून दोन कंपन्यांचे सिम ठेवा. आणि मुलींचे सामने असतील तर आधी पालकांची आणि कोचची परवानगी घ्या, लाइव्हवरच्या कमेंट बंद ठेवा. एका घाणेरड्या कमेंटमुळे एखाद्या मुलीचं खेळणं बंद झालं, तर तुमचे ३,५०० रुपये काय कामाचे?

आता या आठवड्याचं काम. तालुक्यातल्या तीन आयोजकांना भेटा. "लाइव्ह करू का?" असं विचारू नका. "मागच्या वर्षी स्पर्धेत सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची झाली?" असं विचारा. जे उत्तर येईल, त्यातूनच तुमचा धंदा सुरू होतो.