हसतमुख तिबेटी आणि आपली सोय

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातला तिबेटी निर्वासितांवरचा लेख वाचला. एवढं सोसूनही ही माणसं सदा हसतमुख, कारण बौद्ध धर्मच मुळी शांतीचा, हा त्याचा सूर मात्र खटकला. जणू शांती त्यांना पाळण्यातच मिळाली!

दलाई लामा एका भिक्खूची गोष्ट सांगत आले आहेत. चिनी तुरुंगात सुमारे १८ वर्षं काढून तो भारतात पोचला. तिथे कधी कधी मोठा धोका होता, म्हणाला. कसला, तर चिन्यांबद्दलची करुणा आटून जाण्याचा. आपण लगेच हात जोडून मोकळे होतो. मला त्यात मनावरचा रोजचा पहारा दिसतो. तिबेटी लोक त्याला ‘लोजोंग’ म्हणतात, म्हणजे मनाची तालीम. आणि तालीम म्हटली की अंग दुखणारच. मात्र ते दुखणं सांगताना त्यांच्यातलं कुणी ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा म्हणणार नाही. ‘लुंग’ बिघडला म्हणतील, म्हणजे वायू. आपल्या वाताचा चुलतभाऊच. झोप उडते, छातीत धडधडतं. डॉक्टरांनी हा शब्द ओळखला नाही, तर त्यांच्या नोंदीत सगळे ठणठणीतच दिसणार.

दर हिवाळ्यात मी एका तिबेटी आजींकडून स्वेटर घेते. (माल लुधियानाचा, हे त्या स्वतःच सांगतात.) एका हातात जपमाळ, दुसऱ्याने घड्या. घासाघीस कितीही वाढो, जप थांबत नाही आणि भावही उतरत नाही. त्यांचे आईबाप हिमाचलात रस्त्याची खडी फोडायचे, तेव्हा आजी पाठुंगळीला. गेल्या वर्षी त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून नोंदणीपत्र काढून दाखवलं. नूतनीकरणाची तारीख जवळ आली की लुंग चढतो, म्हणाल्या आणि हसल्या. सगळं आयुष्य इथे गेलं, तरी कागदावर परदेशी.

१९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे तिबेटींचं सगळं सरकारी धोरणावर चालतं. आपल्या गोंदिया जिल्ह्यातही १९७२पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिबेटी जाणणारा समुपदेशक आणि म्हाताऱ्यांना नूतनीकरणाच्या खेपांतून सूट, एवढं तरी मागायला हवं. ही माणसं खंबीर आहेत, हे त्याला उत्तर होऊ शकत नाही.

पुढच्या लेखात हसरा फोटो जरूर छापा. शेजारी त्या नोंदणीपत्राचाही छापा.

– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर