चोंदलेलं नाक

चाकणहून रात्रपाळी करून आलेला बाप आणि नाक चोंदल्यामुळे रात्रभर न झोपलेलं तान्हं बाळ, असं घर थंडीत आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुठेही सापडेल. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून ते दूध ओढता ओढता मध्येच सोडतं, धाप लागून रडतं, पुन्हा ओढतं. मग मालीशवाल्या मावशी नाकात तेल सोडतात, आजी कापराची पुडी उशाशी ठेवते. माया खरी, पण दोन्ही नको: तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. औषधाच्या दुकानातले सलाईनचे थेंब पुरतात. पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, सुटलेला शेंबूड मऊ सुती कापडाने टिपायचा. सर्दीचं सिरप मनाने देऊच नका. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना नको, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलं आहे. आणि झबलं वर करून श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर उजाडायची वाट न पाहता संत तुकारामनगरचं वायसीएम किंवा जवळचं रुग्णालय गाठा.